चार खांद्यांवर, पण बसून

मित्रांनो, मला पाय चार आहेत, पण एक पाऊलही चालता येत नाही. तरीही मी मिठागरांच्या बांधांवरून फिरले आहे, खाडीची भरती पाहिली आहे आणि एकदा तर ट्रकात बसून मुंबईलाही जाऊन आले आहे. पनवेलच्या डॉक्टर कमळाकर दिघे यांच्या दवाखान्यातली मी एक जुनी वेताची खुर्ची.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तेव्हा बाजारात सगळ्याच वस्तूंचा तुटवडा होता. डॉक्टर नुकतेच मुंबईहून शिकून आले होते आणि त्यांना रोग्यांसाठी एक चांगली खुर्ची हवी होती. काशिराम सुताराने एका मोडक्या सागवानी पलंगाचे लाकूड मिळवले, ते रंध्याने गुळगुळीत केले, आणि पाठीला व बैठकीला वेताचे विणकाम केले. माझे हात त्याने मुद्दाम रुंद ठेवले. "आजारी माणसाला उठताना धरायला काहीतरी पाहिजे," असे तो म्हणाला होता. हात रुंद ठेवणाऱ्या त्या माणसाचे मला अजून कौतुक वाटते.

पहिली काही वर्षे मी दवाखान्यातच असे. तापाने फणफणलेली मुले माझ्यावर बसत, कंबर धरून आलेले म्हातारे बसत, आणि औषधाच्या कडू चवीने तोंड वाकडे करणारे व्यापारीही बसत. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले की खाडीकाठच्या गावांतले आजारी लोक दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या गावांना रस्ता नव्हता. मिठागरांच्या अरुंद बांधांवरून गाडी जात नसे, माणसेच चालत. मग डॉक्टरांनी माझ्या बाजूंना लोखंडी कड्या बसवून घेतल्या. त्या कड्यांतून दोन लांब बांबू घातले की पुढे दोघे आणि मागे दोघे मला खांद्यावर घेत. अशी मी खुर्चीची पालखी झाले. माझा मान वाढला. गावात कोणी फार आजारी पडले की लोक आधी म्हणत, "डॉक्टरची खुर्ची आना."

या मानाबरोबर एक दुःखही वाट्याला आले, ते सांगायलाच हवे. काळूराम नावाचा टांगेवाला होता. त्याच्या घशात कॅन्सर झाला होता. तो बरा होणार नव्हता, पण मुंबईच्या इस्पितळात यंत्राने किरण देत, ते दिले तर दुखणे कमी होईल अशी आशा होती. त्या उपचाराला लोक 'लाइट' म्हणत. डॉक्टरांना वाटले, हा माणूस सहा महिने तरी काढील. त्यांनी त्याला पाठवले. लाइट रोज घ्यायचा होता, महिनाभर. काळूराम उपचार अर्ध्यावर असतानाच तिकडेच वारला. त्याला परत आपल्या टांग्याच्या घोड्याजवळ जायचे होते, असे त्याच्या भावाने येऊन सांगितले. डॉक्टर त्या दिवशी रोगी संपल्यावर बराच वेळ माझ्यावर बसून राहिले. ते स्वतः माझ्यावर बसल्याचे मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

आणि मग, मला वाटते साठ साल असावे, मार्गशीर्षात मी हौसाबाईच्या गावी गेले.

हौसाबाई घरत ही त्या गावची धवलारीण. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना हा शब्द ठाऊक नसेल. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला बायका जी गाणी म्हणतात, ते धवले. ती सगळी गाणी पाठ असलेली आणि लग्न पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. ती नसली तर मांडवात कोणाला काही सुचत नाही. हौसाबाईचा आवाज असा होता की एका मांडवात गायला लागली की शेजारच्या गावातले लोक म्हणत, "हळद लागली वाटतं."

दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत कॅन्सरची गाठ झाली होती आणि ती मुंबईला काढली होती. आता तोच आजार कमरेच्या हाडात उतरला होता. तिला उभे राहिले की कळ येई, आणि कळ आली की गाणे अडे.

मला घेऊन चौघे तिच्या अंगणात आले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिचा मुलगा बळीराम मिठागरावर काम करी. तो कावराबावरा होऊन इकडेतिकडे करत होता. सून वेणू हिने सासूला धरून माझ्यावर बसवले. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले. बांधावर आम्ही असे डुलत निघालो. वाटेत मीठ ओढणाऱ्या बायका काम थांबवून बघू लागल्या. त्यातल्या एकीने तोंडाला पदर लावला.

हौसाबाईने तिच्याकडे पाहून हात हलवला. "रडतंस कनाला गो? चार जनांनी उचललं खरं, पन बसून चाललेय मी. निजून जायला अजून येळ हाय."

बांबू धरणारे चौघेही हसले आणि मी जोरात हिंदकळले. "सरळ धरा रं," ती म्हणाली, "नायतर आताच निजवाल."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासले आणि बळीरामला बाजूला घेतले. दुखणे कमी करायला लाइटच घ्यावा लागेल, असे ते म्हणाले. बळीराम लगेच तयार झाला. पण डॉक्टर मात्र खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना काळूराम आठवत असणार.

"मी बरोबर येतो," ते शेवटी म्हणाले. "तिथं बोलून मग ठरवू."

गावाचे मीठ पनवेलहून मुंबईला नेणारा एक ट्रक होता. मिठाच्या गोण्यांमागे पेंढा पसरून मला दोरीने घट्ट बांधले आणि माझ्यावर हौसाबाईला बसवले; बळीराम आणि वेणू खाली पेंढ्यावर बसले. डॉक्टरांनी निघण्याआधी दुखणे शमवायची सुई दिली होती, म्हणून ती मजेत होती. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना ती वेणूला एक धवला शिकवत होती. खड्डा आला की दोघींचा सूर एकदमच तुटे आणि दोघी हसत. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले डॉक्टर मागच्या काचेतून वळून वळून पाहत होते.

हे शिकवणे आजचे नव्हते. हौसाबाईची धाकटी लेक मालू हिचे लग्न वैशाखात ठरले होते. आपल्याच लेकीचे धवले म्हणताना गळा भरून येईल आणि गाणे मध्येच राहील, अशी तिला भीती होती. म्हणून मालूच्या लग्नात वेणूने गायचे असे तिने ठरवले होते. वेणूला निम्मी गाणी येत होती. निम्मी अजून हौसाबाईच्या पोटातच होती.

इस्पितळात आम्हाला दमयंतीबाई नावाच्या डॉक्टरीण भेटल्या. बाई हुशार होत्या आणि मायाळूही. त्यांनी हाडाचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "तीन आठवडे रोज लाइट देऊ. इथंच राहावं लागेल. पेशंट बोलतेय छान, चेहरा उजळ आहे. वर्ष सहज काढतील."

"मला तसं वाटत नाही," डॉक्टर दिघे हळूच म्हणाले.

बळीराम मध्ये पडला. "डॉक्टर, सगळा लाइट द्या. अर्ध्या उपचारावर आयेला परत नेली तर लोक मना काय म्हनतील? आनि तिच्यासमोर काय बोलू नका."

तिघेही माझ्या पाठीमागे उभे राहून कुजबुजत होते. हौसाबाई माझ्यावरच बसली होती आणि तिचे कान चांगले तीक्ष्ण होते. तिने माझ्या हातावर बोटे आपटली.

"मी हितंच बसलेय," ती म्हणाली. "माज्या मागं कनाला बोलता? फुडं येऊन बोला."

तिघेही ओशाळून पुढे आले.

"किती दिस हायेत माजे?" तिने सरळ विचारले.

बळीरामने मान खाली घातली. डॉक्टर दिघे स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "हौसाबाई, नक्की सांगता येत नाही. जो नक्की सांगतो तो थापा मारतो. पण अंदाज करता येतो. मला सांगा, गणपतीत तुम्ही काय काय करत होतात?"

"इहिरीवरनं पानी आनत होते. दोन हंडे."

"दिवाळीत?"

"पानी वेणू आनायची. मी चुलीपाशी बसून भाकरी थापायची."

"आणि आता?"

"आता ओट्यावर येते. तितं कोनीतरी धरून बसवतं."

"जेवण?"

"अर्धी भाकरी. कवा तीपन नाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "बघा, माणूस ज्या चालीनं उतरतो त्याच चालीनं आपण मोजायचं. महिन्यामहिन्यानं उतरत असेल तर महिने हातात आहेत. आठवड्याआठवड्यानं उतरायला लागला तर आठवडे. तुमचं अजून महिन्यांवर आहे. माझ्या मनात सहा महिने येतायत. पण माझी एक खोड आहे. ज्या पेशंटचा मला लळा लागतो त्याला मी नेहमी जास्तच दिवस देतो. म्हणून मी निम्मे धरतो. तीन महिने धरून चालू."

मी खुर्ची आहे, मला रडता येत नाही. बळीरामला येत होते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हौसाबाई मात्र बोटांवर मोजत होती. "पौष, माघ, फाल्गुन. मंजे वैशाख नाय."

"वैशाख आला तर आनंदच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण त्याच्या भरवशावर राहू नका."

दमयंतीबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि मग हौसाबाईकडे पाहिले. या वेळी चेहऱ्याकडे नाही, तर मनगटाकडे. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या इतके ते बारीक झाले होते.

"मी चेहरा बघून बोलले," त्या म्हणाल्या. "वर्ष असतं तर तीन आठवडे देणं बरोबर होतं. आराम जास्त काळ टिकतो. पण तीनच महिने असतील तर त्यातले तीन आठवडे इथल्या खाटेवर घालवणं मलाही पटत नाही. एकदाच, जरा मोठा लाइट देता येतो. दुखणं त्यानंही कमी होतं. पुढं परत दुखलं तर पुन्हा विचार करू. आज द्यायचा आणि उद्या घरी."

"एकदाच?" बळीराम वळून म्हणाला. "मंजे अर्धाच उपचार झाला ना?"

हौसाबाईने त्याला जवळ बोलावले आणि त्याचा हात धरला. "बाला, अर्धा नाय. माज्या मापाचा हाय. लहानपनी तुज्या बापाचा सदरा तुला घातला तर लांब व्हायचा ना? तसं हाय ते. मना वेणूला गानी द्यायची हायेत. ती हितं खाटेवर नाय देता येत. नर्सबाई वरडंल."

बळीराम रडतारडता हसला, आणि ठरले.

लाइटच्या खोलीत मला नेले नाही. मी दाराबाहेर थांबले. हौसाबाई बाहेर आली तेव्हा वेणूने विचारले, "कसं होतं, आये?"

"काय नाय. एक मोठा डोळा माज्याकडं बगत होता. मीपन त्याच्याकडं बगत रायले. शेवटी तोच थकला."

दमयंतीबाईंनी बजावले होते की एक-दोन दिवस दुखणे आधी वाढेल, घाबरायचे नाही. तसे ते वाढलेही. परतीच्या ट्रकात कोणी गायले नाही. त्या दिवसांत मला डॉक्टरांनी गावातच ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले. बळीराम सारखा म्हणायचा, "मी सांगत होतो, सगळा लाइट घ्यायला पायजे होता." वेणू सासूच्या पाठीखाली गोधडीची घडी सरकवत असे.

मग आठवडा उलटला असेल. एका सकाळी हौसाबाई माझे हात धरून स्वतःच उठून उभी राहिली. उभी राहून जरा थांबली, जणू कळ येते का ते ऐकत होती. कळ आली नाही. तिने वेणूला हाक मारली. "ये. हळदीचं तिसरं गानं कुटं सोडलं होतं?"

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. सकाळी अंगणात ऊन आले की मला बाहेर आणत. हौसाबाई माझ्यावर बसे, वेणू खाली तांदूळ निवडत बसे, आणि गाणी सुरू होत. वेणूचा आवाज सासूइतका मोठा नव्हता. त्यावरून दोघींचे खटके उडत.

"तू देवाला गातेस का शेजारनीला लपवून सांगतेस?" हौसाबाई म्हणे.

"आये, मना लाज वाटते."

"मांडवात लाज नवरीला वाटायची. धवलारनीला वाटली तर लगीन लागायचं कसं?"

शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. आजाऱ्याच्या घरी यावे तशा त्या सुरुवातीला हळू पावलांनी येत, आणि जाताना मोठ्याने गात जात.

डॉक्टरांचा अंदाज आणखी एका कामाला आला. बळीरामने मालूच्या सासरी जाऊन खरे ते सांगितले. त्याला वाटत होते की ते लोक नाराज होतील. पण नवऱ्या मुलाचा बाप बुधाजी खाडीवर मासे धरणारा, रोखठोक माणूस होता. तो म्हणाला, "भरती आपल्यासाठी थांबत नाय, आपनच होडी लवकर काढतो. माघात करू." आणि वैशाखातले लग्न माघात आले.

लग्नाच्या दिवशी मला शेणाने सारवलेल्या मांडवात, चांगली धुऊनपुसून, आंब्याचा टहाळा बांधून ठेवले होते. हौसाबाई नवे लुगडे नेसून माझ्यावर बसली. वेणू उभी राहिली. पहिल्या धवल्याला तिचा आवाज कापला. दुसऱ्याला सुटला. तिसऱ्याच्या मध्यावर ती एका ओळीवर अडली आणि घाबरून सासूकडे पाहू लागली. हौसाबाईने तोंड उघडले नाही. तिने फक्त माझ्या हातावर ताल धरला. वेणूला ओळ आठवली. त्यानंतर तिने मागे वळून पाहिलेच नाही.

हौसाबाईचे डोळे वाहत होते. तिचा अंदाज बरोबर होता. त्या दिवशी तिला गाता आलेच नसते.

फाल्गुन आला आणि गेला. होळीला हौसाबाई होतीच. चैत्रात डॉक्टर बांधावरून चालत तिला पाहायला आले. ती माझ्यावर बसून त्यांची वाटच पाहत होती.

"डॉक्टर, तुमचे महिने संपले," ती म्हणाली. "आता हे कोनाचे खातेय मी?"

"माझा अंदाज चुकला," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना इतके खुशीत कधी पाहिले नव्हते.

"चुकला ते बरं झालं. पन तो नसता तर मी लगीन वैशाखावर टाकून बसले असते. आनि आता बगा."

डॉक्टरांनी पाहिले. त्यांनी विचारण्याआधीच तिने सांगून टाकले की गेल्या आठवड्यात ती ओट्यावर येत होती, या आठवड्यात दारापर्यंत, आणि दिवसाचा बराच वेळ झोपेतच जातो. भाकरी सुटली होती. दोन घास पेज जाई. दुखणेही पुन्हा डोके वर काढत होते.

बळीराम दारात उभा होता. "पुन्ना लाइट?" त्याने विचारले.

"बळीराम, लाइटचा आराम यायला दिवस लागतात," डॉक्टर म्हणाले. " मागच्या वेळी आठवतं ना? आणि आता त्या आठवड्यानं उतरतायत. आराम येईपर्यंत त्या थांबतील असं मला वाटत नाही. उगाच ट्रकाचे धक्के आणि आधी वाढलेलं दुखणं, तेवढंच पदरात पडेल. मी सुईचं औषध देतो, रोज येऊन देतो. ते इथंच घरी लागू पडेल."

या वेळी बळीरामने लोक काय म्हणतील ते विचारले नाही. त्याने आईकडे पाहिले.

"ट्रक नको आता," हौसाबाई म्हणाली. "मालूला बोलवा. तिच्या हातची पेज बगू कशी व्हते. सासरी जाऊन काय शिकली तेपन कळंल."

डॉक्टर शब्दाला जागले. रोज भरती-ओहोटी बघून बांधावरून येत आणि सुई देत. हौसाबाईला दुखत नसे. ती झोपे, जागी झाली की कुणाची तरी फिरकी घेई, आणि पुन्हा झोपे. आता ती खाटेवर असे. मी खाटेशेजारी असे आणि माझ्यावर मालू बसे. वैशाख लागला तेव्हा गावात एक लग्न होते. दूरच्या मांडवातून वेणूचा आवाज भर दुपारी स्पष्ट ऐकू येत होता. हौसाबाईने डोळे न उघडता विचारले, "कोन गाते ग?"

"वयनी," मालू म्हणाली.

"शेजारनीला लपवून सांगत नाय आता," हौसाबाई म्हणाली. तिला फार बरे वाटल्याचे चेहऱ्यावर दिसत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, घरची सगळी माणसे जवळ असताना, ती शांतपणे गेली.

मला दवाखान्यात परत पोचवले तेव्हा चौघांऐवजी बळीरामने एकट्याने मला डोक्यावर आणले. तो डॉक्टरांना म्हणाला, "आयेला अर्ध्या उपचारावर ठेवली असं कोनी म्हनलं नाय. सगळे म्हनतात, मालूचं लगीन बगून गेली."

मित्रांनो, आता मी बरीच जुनी झाले आहे. खाडीच्या गावांना रस्ते होत आहेत आणि माझे बांबू कोणीतरी मांडवाला नेले. वेत एका बाजूने उसवला आहे. दवाखान्यात लोखंडी खुर्च्या आल्या, त्या पुसायला सोप्या आहेत, हे मी मान्य करते. मी व्हरांड्यात असते. माझ्यावर कधी मांजर बसते, कधी डॉक्टर बसून चहा पितात. मला वाईट वाटत नाही असे नाही, पण फार वाटत नाही.

तुमच्याजवळ एकच मागणे आहे. तुमच्या घरी कधी कोणी फार आजारी पडले, आणि मोठी माणसे बाहेर उभी राहून "आता किती दिवस?" असे कुजबुजू लागली, तर ते विचारू द्या. तो प्रश्न वाईट नाही. डॉक्टरांचा अंदाज चुकेल, पण तो जवळ असावा. मात्र तुम्ही आत जा, आणि त्या आजारी माणसालाच विचारा, "तुला काय करायचं राहिलंय?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उभे राहू नका. खुर्ची ओढून जवळ बसा. जुनी असली तरी चालते.